डबी हातात घेण्याआधी: वीर्य तपासणीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डॉक्टरांची चिठ्ठी बहुतेक वेळा चार घड्या घातलेली असते. काउंटरवर आलेला माणूस आधी भिंतीवरचं दरपत्रक वाचतो, मग कूलरचं पाणी पितो आणि गर्दी जरा ओसरली की चिठ्ठी माझ्यापुढे सरकवतो. "कोणी सर आहेत का?" असं हळूच विचारतो. सर असतात, पण स्लाइड मीच लावते. "बसा दादा," मी म्हणते, "सीमेन ॲनालिसिस ना? पाच मिनिटं बोलू, मग डबी देते."

ती पाच मिनिटं इथे लिहून काढते आहे. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला मी बरीच वर्षं लॅब टेक्निशियनचं काम करते. या तपासणीतले जे रिपोर्ट चुकतात, त्यातले कितीतरी मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधीच चुकलेले असतात. रक्त असेल तर सुई आम्ही टोचतो, वेळ आम्ही लिहितो. इथे सॅम्पल तुम्ही देता. म्हणून अर्धी तपासणी तुमच्या हातात आहे, आणि ती नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आधी कोणाची तपासणी

लग्नानंतर काहीही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असताना वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासण्या सुरू करायच्या. पत्नीचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. यातला "दोघांनी" हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे होतं असं की सुनेची सोनोग्राफी होते, हार्मोन्स होतात, एचएसजी म्हणजे ट्यूबची डाय टेस्ट होते, ती दुखते, आणि हे सगळं उरकल्यावर कोणीतरी म्हणतं, "आता त्याचंही एकदा बघून घ्या." मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा पत्नीकडच्या कारणाच्या जोडीने असतं. पुरुषाच्या तपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्च काही शे रुपयांचा. म्हणून ती पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. सूनबाईला पुन्हा टेबलावर झोपवण्याआधी मुलाला लॅबमध्ये पाठवा, असं मी येणाऱ्या सासवांनाही स्पष्ट सांगते, आणि त्यांना ते पटतं.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, इथल्या स्त्रीरोग ओपीडीत दोघांच्या नावाने केसपेपर काढून सुरुवात करता येते.

लॅब निवडताना फोनवर काय विचारायचं

ठाण्यात काय, ऐरोली-वाशी-नेरुळात काय, दर नाक्यावर लॅबची पाटी आहे. पण त्यातल्या अनेक ठिकाणी फक्त सॅम्पल गोळा होतं. ते थंड पेटीतून दुपारच्या गाडीने मोठ्या लॅबला जातं. थायरॉइडच्या रक्ताला हे चालतं. वीर्याला अजिबात चालत नाही. शुक्रजंतूंची हालचाल बघायची असते, आणि ती तासातासाने मंदावते. गारठ्याने तर फारच.

म्हणून आधी फोन करा आणि विचारा: सॅम्पल तिथल्या तिथे बघतात की बाहेर पाठवतात? बघणारी व्यक्ती किती वाजेपर्यंत असते? सॅम्पल द्यायला वेगळी खोली आहे का, आणि तिला आतून कडी लागते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला कोणाला धीर होत नाही, पण विचारा. बाहेरून कोणी दार ठोठावेल या भीतीने माणसाला सॅम्पल देता येत नाही किंवा अर्धवट येतं. एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा शिक्का असेल तर चांगलंच, फक्त त्या मान्यतेत वीर्य तपासणी येते का तेही विचारा; शिक्का लॅबला मिळतो तो ठरावीक तपासण्यांसाठी.

मी पूर्वी जिथे होते तिथे एकदा सकाळी साडेआठला सॅम्पल आलं. स्लाइड बघणारे त्या दिवशी अकरानंतर पोचले. डबी तशीच ट्रेमध्ये होती. रिपोर्टवर हालचाल 15 टक्के छापली गेली, आणि उशीर झाल्याचा एक शब्दही नाही. ती जोडी रडत परत गेली. महिन्याभराने दुसरीकडे केलेल्या तपासणीत हालचाल व्यवस्थित निघाली. तेव्हा मी नवीन होते, बोलले नाही, ते अजून टोचतं. म्हणून सांगते, रिपोर्टवर दोन वेळा छापलेल्या असल्या पाहिजेत: सॅम्पल कधी दिलं आणि कधी बघितलं. नसतील तर मागून घ्या.

गॅप

डॉक्टर म्हणतात "तीन दिवसांचा गॅप ठेवून या." जागतिक आरोग्य संघटनेच्या मॅन्युअलप्रमाणे हा गॅप कमीत कमी 2 दिवस आणि जास्तीत जास्त 7 दिवस. मोजायचा तो शेवटच्या वीर्यस्खलनापासून, ते कसंही झालेलं असो. संबंध, हस्तमैथुन, झोपेत आपोआप झालेलं, सगळं धरायचं. त्यात दोष काही नाही, पण दिवस मोजायला ते लागतं.

काहीजण जास्त "साठावं" म्हणून पंधरा दिवस थांबून येतात. त्याने संख्या थोडी फुगते, पण जुने शुक्रजंतू मरगळतात आणि हालचाल खाली दिसते. एक दिवसाचा गॅप ठेवला तर उलट संख्या कमी भरते. तीन-चार दिवस धरा, आणि पुढे दुसऱ्यांदा तपासणी केलीत तर तेवढेच दिवस ठेवा, म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघता येतील.

ताप असेल तर येऊ नका. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड झाला असेल तर फॉर्मवर लिहा. आपल्याकडे पावसाळा म्हटला की घरटी एक आजारी, आणि मोठ्या तापाचा परिणाम वीर्यावर कित्येक आठवडे राहतो.

फॉर्म खरा भरा

हा भाग लोक घाईत उरकतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच. किती दिवसांचा गॅप, सगळं सॅम्पल डबीत आलं का, कुठली औषधं चालू आहेत, लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का, तंबाखू-गुटखा, दारू, कामाची जागा. तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसीत भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहणारा माणूस असेल तर डॉक्टरांना ते कळायला हवं, कारण अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. ते शरीराबाहेर लोंबतात ते त्यासाठीच.

जिमवाल्या मुलांना तर मी हात जोडून सांगते. "मॅडम, मसल्ससाठी इंजेक्शन घेतो, पण ते टेस्टोस्टेरॉनच आहे, म्हणजे पुरुषत्वाचंच ना?" असं एकाने मला विचारलं होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड घेतलं की मेंदू अंडकोषांना काम बंद करायचा निरोप देतो. दंडाचे स्नायू फुगतात आणि काउंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, शून्यावर येऊ शकतो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात, आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही तर ते भलतीकडे कारण शोधत बसतात.

आणि मोबाईल नंबर स्वतःचा द्या. रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते. घरातल्या दादाचा किंवा वडिलांचा नंबर जुन्या रेकॉर्डला लागलेला असतो आणि रिपोर्ट तिकडे जातो. असं झाल्यावर एका घरात जे रामायण घडलं ते मी पाहिलंय. काउंटरवर एकदा "नंबर कुठला लागलाय?" एवढं विचारा.

सॅम्पल देताना

आधी लघवी करून घ्या. हात आणि लिंग साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला, आणि कोरडं करा. डबीचं झाकण काढून उताणं ठेवा, आतून बोट लावू नका. तेल, क्रीम, जेल, थुंकी काही वापरायचं नाही; यातलं बरंचसं शुक्रजंतूंना मारक ठरतं.

सॅम्पल हस्तमैथुनानेच द्यायचं असतं. साधा कंडोम चालत नाही, त्यावरची रसायनं आणि रबर दोन्ही शुक्रजंतूंना बाधतात. संबंधाच्या मध्येच थांबून डबीत घेणंही नको, कारण पहिले थेंब निसटतात. आणि पहिल्या थेंबांतच शुक्रजंतूंची दाटी सर्वांत जास्त असते. म्हणून सुरुवातीचं थोडं जरी बाहेर सांडलं तरी आम्हाला सांगा. रागवत कोणी नाही. "पहिलं सांडलं" हे तीन-चार दिवसांनी पुन्हा सॅम्पल द्यायला पुरेसं कारण आहे. न सांगता दिलंत तर तोच आकडा वर्षभर फायलीत राहील.

कोणाला लॅबच्या खोलीत जमतच नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कोणाचंही मन आकसतं. पत्नीला बरोबर आत नेता येतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी नेऊ देतात. धार्मिक कारणाने किंवा कशानेही हस्तमैथुन शक्य नसेल तर शुक्रजंतूंना न बाधणारा खास कंडोम मिळतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतो. आणि घरून आणायची सोयही असते.

घरून आणायचं असेल तर

घर जवळ असेल तरच. सॅम्पल अर्ध्या तासात मायक्रोस्कोपखाली गेलं तर उत्तम. तासाच्या पुढे गेलं तर हालचालीचा आकडा भरवशाचा राहत नाही. कासारवडवलीहून घोडबंदर रोडने स्टेशनकडे यायला सकाळी किती वेळ लागतो ते तिथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. कापूरबावडीलाच तास मोडतो. खारघरहून वाशीला यायचं तरी तसंच. अशा वेळी घराच्या दहा-पंधरा मिनिटांतली लॅब शोधा, किंवा सरळ लॅबमध्येच द्या.

डबी लॅबकडूनच घ्या. मधाची धुतलेली बाटली, औषधाची डबी नको. झाकण घट्ट, वर नाव आणि सॅम्पल दिल्याची नेमकी वेळ. मग शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून, उभी. तापमान 20 ते 37 अंशांच्या मध्ये राहायला हवं. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका; मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हात घालून बघा म्हणजे कळेल. एसीच्या झोताखाली नको. फ्रीज तर नाहीच नाही. एक काका जावयाची डबी स्टीलच्या डब्यात, भोवती बर्फ घालून घेऊन आले होते. "दूध नासू नये म्हणून ठेवतो तसं," म्हणाले. केवढ्या काळजीने आणली होती! मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि नवीन डबी देऊन समजावलं.

मायक्रोस्कोपखाली काय बघतो

डबी आल्यावर ती 37 अंशांवर ठेवतो. सुरुवातीला वीर्य जेलीसारखं, मध्ये साबुदाण्यासारखे कण. 15 ते 30 मिनिटांत ते पातळ होतं. तासाभरात झालं नाही तर तशी नोंद करतो. रंग राखाडी-पांढरट असतो, जास्त दिवसांच्या गॅपनंतर जरा पिवळसर. पिपेटमधून सोडून बघतो: थेंब थेंब पडलं तर ठीक, दोन सेंटीमीटरहून लांब तार आली तर चिकटपणा जास्त.

मग 10 मायक्रोलिटरचा थेंब स्लाइडवर, वर चौकोनी कव्हरस्लिप. फोकस लागतो त्या क्षणी ते दृश्य मला आजही थांबवतं. काही शुक्रजंतू सरळ रेषेत सुसाट जातात, काही गोगलगाईच्या चालीने, काही जागच्या जागी वळवळतात आणि काही स्थिर. बोटाखालचा काउंटर कटकट वाजवत 200 मोजायचे, मग दुसऱ्या थेंबातले आणखी 200, आणि दोन्ही मोजण्या जुळतात का बघायचं. संख्या मोजायला आखीव चौकटींची न्यूबाउर काच असते. कुठे कुठे हे काम संगणकावर होतं, पण मशीनने दिलेला आकडा माणसाच्या डोळ्याखालून गेलेला असावा असं माझं मत आहे. गोल पेशी आणि कचरा मशीन कधी कधी शुक्रजंतू म्हणून धरतं.

आकारासाठी स्लाइड वाळवून रंगवतो. डोकं गुळगुळीत लंबगोल, मानेपुढचा भाग बारीक, शेपूट एकच आणि डोक्याच्या साधारण दहापट लांब. हे बघायला वेळ लागतो, म्हणून रिपोर्ट तासाभरात मागू नका.

रिपोर्टवरचे आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीतले खालच्या मर्यादेचे आकडे असे: वीर्य 1.4 मिली, दर मिलीमध्ये 16 मिलियन म्हणजे 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू, एकूण 39 मिलियन, हलणारे 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के, जिवंत 54 टक्के आणि योग्य आकाराचे 4 टक्के. 2010 च्या पाचव्या आवृत्तीत दर मिलीला 15 मिलियन होते, त्याआधी 20. तुमच्या रिपोर्टवर शेजारी कुठला आकडा छापलाय ते बघा. जुन्या मर्यादेमुळे एखाद्या ओळीवर उगाच ठळक खूण आलेली असते.

या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे रिपोर्ट एकत्र केले. असे शंभर बाबा ओळीने उभे केले तर त्यातल्या पाच जणांचा आकडा या रेषेखाली होता. म्हणजे रेषेखाली असूनही ते बाबा झालेले. आणि रेषेच्या वर असूनही मूल न होणारी जोडपी आम्ही रोज बघतो. हा आकडा शक्यता सांगतो, निकाल देत नाही. काउंटचा आणि मर्दपणाचा तर काडीचाही संबंध नाही. संबंधात काहीच अडचण नसलेल्या माणसाचा काउंट शून्य असू शकतो.

सगळ्यात जास्त फोन येतात ते 4 टक्क्यांवरून. "मॅडम, माझे 96 टक्के खराब आहेत!" माणसाच्या वीर्यात बहुतेक शुक्रजंतूंचा आकार काटेकोर मापात बसतच नाही, सगळ्यांचंच तसं आहे. 4 टक्के चांगलाच आकडा आहे.

दर मिलीचा आकडा एकटा वाचू नका, गुणाकार करा. समजा एकाचे 3 मिली वीर्य आणि दर मिलीला 15 मिलियन. खूण लागेल, पण एकूण 45 मिलियन, म्हणजे मर्यादेच्या वर. दुसऱ्याचे 1 मिली आणि दर मिलीला 30 मिलियन. दर मिलीचा आकडा छान, एकूण मात्र 30 मिलियन, मर्यादेखाली. आणि 1 मिली का, हा प्रश्न उरतोच: सांडलं का, मधुमेहामुळे वीर्य उलट मूत्राशयात जातं का, की वाटेत अडथळा आहे?

मोठमोठ्या शब्दांना घाबरू नका. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे आकार बिघडलेला. तिन्ही जोडून एक लांबलचक शब्द छापला जातो आणि एखादा रोग झाल्यासारखं वाटतं. ती नुसती नोंद आहे, कारण अजून शोधायचंय. "पस सेल्स", म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, असं लिहिलं की लगेच अँटिबायोटिक सुरू करणंही मला खटकतं. साध्या स्लाइडवर अर्धवट वाढलेल्या शुक्रपेशीही तशाच गोल दिसतात. पेरॉक्सिडेज रंग लावून खात्री करता येते, आणि दर मिलीला 1 मिलियनहून जास्त पांढऱ्या पेशी असतील तर पुढे बघायचं.

रिपोर्टवर "निल" आलं तर

शब्द एवढासाच, पण वाचून माणूस भिंतीला टेकतो. थांबा. पहिल्या थेंबात एकही शुक्रजंतू दिसला नाही तर सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ बघायचा असतो. तो बघितला का, हे लॅबला विचारा. मग काही दिवसांनी दुसरं सॅम्पल. तेही निल आलं तर डॉक्टर एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन या रक्ताच्या तपासण्या सांगतात आणि हाताने तपासतात. वीर्य कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही, असं असेल तर जन्मतः नळ्याच नसणं किंवा वाटेत अडथळा असणं यांचा संशय येतो. अडथळा असेल तर अंडकोषात शुक्रजंतू तयार होत असतात, ते सुईने काढून इक्सीसाठी, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्यासाठी, वापरता येतात. तयार होणंच मंदावलं असेल तर गुणसूत्रांची तपासणी लागते, आणि तिथेही मायक्रोस्कोपखालच्या शस्त्रक्रियेत काहींना थोडे शुक्रजंतू सापडतात.

दुसरी तपासणी आणि डॉक्टर

एकाच माणसाचे आकडे आठवड्या-आठवड्याला वरखाली होतात. पहिला रिपोर्ट कमी आला तर एकावरून औषधं सुरू करू नका, निदान दोन हवेत. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढे नळ्यांतून पिकून बाहेर यायला आणखी काही. म्हणून साधारण तीन महिन्यांनी केलेली तपासणी नव्या पिकाची असते. तंबाखू सोडली, इंजेक्शन थांबवली, तरी पंधरा दिवसांत काही दिसणार नाही. गणपतीत डेंग्यू झाला असेल तर दुसरी तपासणी डिसेंबरात. फक्त निल किंवा अगदीच कमी आकडा असेल, किंवा पत्नीचं वय पुढे असेल, तर तीन महिने थांबू नका, लगेच डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट, किंवा पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणारे यूरोलॉजिस्ट. ते अंडकोषांच्या शिरा फुगल्यात का बघतील. व्हेरिकोसील म्हणतात त्याला, आणि ते दुरुस्त करता येणाऱ्या कारणांपैकी एक आहे. डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे शुक्रजंतूंमधला डीएनए तुटलाय का बघणारी तपासणी काही हजारांची असते, ती पहिल्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून करून घेऊ नका. वारंवार गर्भपात होत असतील किंवा उपचार फसत असतील तेव्हा डॉक्टर सांगतील. जाहिरातीतली "काउंट वाढवणारी" पावडर दोन रिपोर्टांच्या मध्ये सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कोणालाच कळणार नाही.

आणि दोघांच्या फायली वेगळ्या ठेवू नका. एकच फाइल करा, त्यात तुमचे दोन्ही रिपोर्ट तारखेप्रमाणे, मागे पत्नीचे, आणि वरच्या कागदावर तुमच्या हाताने लिहिलेलं: गॅप किती दिवसांचा होता, सॅम्पल पूर्ण होतं का, ताप कधी आला होता.